विहिरीवरील जुनी इंजिने व अवजारे : जतन आणि दुरुस्ती

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारामुळे परिचित आहे. उन्हाळ्यात लावलेली मिरची पावसाळा सुरू होईपर्यंत जगवावयाची, तर विहिरीचे पाणी वेळच्या वेळी उपसले गेले पाहिजे. म्हणून या भागातील बागायतीचा इतिहास हा बव्हंशी पाणी उपसण्याच्या साधनांचा इतिहास आहे. आज हे काम विजेची मोटार करते. काही ठिकाणी सौरपंप करतो. त्यांच्या आधी मोट होती, आणि मोट व मोटार यांच्या मधल्या काळात इंजिन होते. मोटेचे साहित्य बहुतेक नाहीसे झाले आहे. इंजिने मात्र अजूनही कोठे गोठ्याच्या कोपऱ्यात, कोठे पडक्या इंजिनघरात, तर कोठे विहिरीच्या काठावर उघड्यावर पडलेली आढळतात.

ही इंजिने आता भंगाराच्या भावाने विकली जातात. जालना शहरात भंगार वितळवून बांधकामाच्या सळया तयार करणारे कारखाने आहेत, व त्यांना जुन्या लोखंडाची सतत गरज असते. मोडके लोखंड पुन्हा कामास येते, यात वाईट काही नाही. परंतु कोणती वस्तू भंगारात द्यावी व कोणती ठेवावी, हा विचार ती तराजूवर चढण्यापूर्वी झाला पाहिजे; नंतर तो करून उपयोग नाही. शिवाय ही इंजिने केवळ आवाजावरून ओळखणारे व हाताने जुळविणारे मिस्त्री आता वृद्ध झाले आहेत. इंजिन गेले तर लोखंड जाते; मिस्त्री गेला तर ते चालविण्याची विद्या जाते. दोन्ही एकत्र आहेत तोवरच हे काम होऊ शकते.

मोटेपासून इंजिनापर्यंत

मोटेला बैलांची जोडी, कातडी मोट, नाडा, सोंदूर, चाक, धाव व थारोळे इतके साहित्य लागे. एक मोट हाकण्यात माणसाचा व बैलांचा सारा दिवस जाई, आणि विहिरीचे पाणी खोल गेले की त्याच कष्टात कमी जमीन भिजे. ही अडचण इंजिनाने दूर केली.

चार ठोक्यांचे इंजिन जर्मनीत निकोलाउस ओटो यांनी १८७६ साली यशस्वी केले. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली चालू स्थितीत आले. पुढे इंग्लंडमधील लिस्टर, पेटर, व्हिलियर्स इत्यादी कारखान्यांची लहान इंजिने जगभर शेतीच्या कामास लागली. महाराष्ट्रात सातारा रोड येथे १९२२ साली सुरू झालेल्या कूपर कारखान्याने १९३३ साली डिझेल इंजिन तयार केले. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे निघाला. गुजरातेत राजकोट येथे लिस्टरच्या धर्तीची, मोठ्या चाकाची व सावकाश चालणारी इंजिने फार मोठ्या संख्येने तयार झाली. वीज खेड्यापाड्यांत पोहोचेपर्यंत विहिरीचे पाणी, पिठाची गिरणी व कडबा कापण्याचे यंत्र ही सर्व कामे अशाच इंजिनांनी केली.

अवजारांची कथाही अशीच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी बेळगाव येथे लोखंडी नांगर व कडबा कापण्याचे यंत्र तयार केले, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडाने जमीन नासते, अशी प्रारंभी शेतकऱ्यांची समजूत होती; त्यामुळे नांगर खपण्यास वेळ लागला. पुढे तोच नांगर घरोघरी गेला. आज ट्रॅक्टर आल्यावर तोही अडगळीत पडला आहे.

कोणती वस्तू ठेवावी

प्रत्येक जुने इंजिन दुरुस्त करणे शक्य नाही व आवश्यकही नाही. ज्यावर कारखान्याची पाटी शाबूत आहे, ज्याचे मुख्य भाग मूळचेच आहेत, किंवा जे गावात पहिल्यांदा आले असे जाणती माणसे सांगतात, ते प्रथम ठेवावे. ज्याचा ओतीव सांगाडा किंवा मोठे चाक तडकले आहे, ते चालू करण्याच्या भरीस पडू नये. ते स्वच्छ करून केवळ पाहण्यासाठी ठेवावे. एकाच जातीची दोन मोडकी इंजिने असल्यास एकाचे भाग दुसऱ्यास वापरता येतात. मात्र एकाची पाटी दुसऱ्यास कधीही लावू नये.

वस्तू हाती येताच, तिला हत्यार लावण्यापूर्वी, तिची नोंद करावी. कारखान्याचे नाव, इंजिनाचा क्रमांक, अश्वशक्ती, मिनिटाला फेरे, इंधन, कोणत्या विहिरीवर होते, कोणत्या सुमारास घेतले, केव्हा बंद पडले व का, ही माहिती मालकाकडून व जुन्या मिस्त्रीकडून विचारून वहीत लिहावी. आठवणीने सांगितलेले साल ‘सुमारे’ असे लिहावे. चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. मालकी कोणाची, व वस्तू दान दिली की केवळ ठेवावयास दिली, हे लेखी असावे. अशा नोंदीविना इंजिन कितीही चकाकले तरी ते मुके राहते.

इंजिनाच्या दोन जाती

विहिरीवरील लहान इंजिने मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात पेट्रोलची वाफ व हवा यांचे मिश्रण कार्ब्युरेटरमध्ये तयार होते व मॅग्नेटोने दिलेल्या ठिणगीने सिलिंडरात पेटते. यांतीलच काही इंजिने पेट्रोलवर सुरू करून, तापल्यानंतर रॉकेलवर चालविली जात. थांबविण्यापूर्वी ती पुन्हा पेट्रोलवर घ्यावी लागत; तसे न केल्यास कार्ब्युरेटरात रॉकेल राही व दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू होत नसे. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे डिझेल इंजिनात, ठिणगी नसते. दट्ट्या हवा इतकी दाबतो की ती अतिशय तापते, आणि तीत नोझलमधून उडविलेले डिझेल आपोआप पेटते.

यावरून दोष शोधण्याची दिशा ठरते. पेट्रोल इंजिन सुरू होत नसल्यास ठिणगी, इंधन व दाब या तीन गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्रश्नच नसल्यामुळे इंधनातील हवा, नोझल व दाब एवढेच पाहावे लागते.

अडकलेले इंजिन मोकळे करणे

अनेक वर्षे पडून राहिलेल्या इंजिनाचा दट्ट्या गंजाने सिलिंडरात धरलेला असतो. अशा वेळी हँडलला लांब नळी लावून जोर करणे ही सर्वांत मोठी चूक होय. त्याने कनेक्टिंग रॉड वाकतो, रिंगा तुटतात, व जे इंजिन वाचले असते ते खरोखरीच भंगार होते.

प्रथम बाहेरची माती व चिकटा ब्रशने काढावा. पेट्रोल इंजिनाचा प्लग किंवा डिझेल इंजिनाचे नोझल काढून त्या छिद्रातून रॉकेल व पातळ तेल यांचे मिश्रण सोडावे, आणि आठ-दहा दिवस तसेच राहू द्यावे. मधूनमधून मिश्रण पुन्हा घालावे. त्यानंतर मोठे चाक दोन्ही हातांनी धरून थोडे पुढे, थोडे मागे असे हलवावे. केसभर हालले तरी काम निम्मे झाले, असे समजावे. तरीही दट्ट्या न सुटल्यास हेड काढून त्यावर लाकडी ठोकळा ठेवावा व हलके ठोके द्यावेत. दट्ट्यावर लोखंडी घण कधीही मारू नये.

सुटलेला प्रत्येक भाग क्रमाने कापडावर मांडावा व त्यास चिठ्ठी बांधावी. झडपा ज्या जागेच्या त्याच जागी बसल्या पाहिजेत. जुन्या गॅस्केटमध्ये व धुराड्याच्या वेष्टणात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, व त्याची धूळ फुप्फुसास घातक आहे. म्हणून ते कोरडे खरवडू नये. पाण्याने ओले करून, तोंडाला योग्य मुखपट्टी लावून काढावे, व पिशवीत बांधून वेगळे ठेवावे.

ठिणगी, इंधन व थंडावा

मॅग्नेटोचे पॉइंट काजळलेले असतात. ते बारीक पॉलिश कागदाने पुसून त्यांतील अंतर पाहावे. अशा लहान इंजिनांत ते साधारणतः ०.३ ते ०.४ मिलिमीटर असते. माहितीपुस्तिका मिळाल्यास तीतील आकडा प्रमाण मानावा. प्लग काढून तारेस जोडावा, त्याचा लोखंडी भाग इंजिनाच्या अंगास टेकवावा व चाक फिरवून ठिणगी पाहावी. ही परीक्षा करताना जवळ उघडे पेट्रोल असू नये.

टाकीतील जुने इंधन पूर्ण काढून टाकावे. आजच्या पेट्रोलविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवणे जरूर आहे. २०२५ साली देशातील पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते व जुन्या इंजिनांतील रबर, बूच व रोगण यांना अपाय करते. म्हणून जुने इंजिन चालवून झाल्यावर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावे. फवारणी यंत्रावरील दोन ठोक्यांच्या लहान इंजिनात पेट्रोलमध्येच वंगणतेल मिसळावे लागते, हेही विसरू नये. अशा जुन्या फवारणी यंत्रांच्या टाकीत कीटकनाशकाचा अंश असू शकतो. हातमोजे घालूनच ती धुवावी, व धुण्याचे पाणी विहिरीपासून दूर खड्ड्यात सोडावे.

डिझेल इंजिनाच्या नोझलची फवार पाहताना हात समोर धरू नये. तो झोत कातडीतून आत शिरतो. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालयात गेले पाहिजे.

विहिरीचे जड पाणी वर्षानुवर्षे फिरल्याने सिलिंडराभोवतीच्या पोकळीत क्षार साचतात व इंजिन तापते. ही पोकळी उघडून स्वच्छ करावी. तापलेल्या इंजिनावर एकदम थंड पाणी ओतल्यास हेड तडकते.

गंज, रंग व अवजारे

जुनी वस्तू नवी दिसावी म्हणून ती घासून काढून भडक रंग देणे, ही पद्धत चांगली नव्हे. मूळ रंग जेथे टिकला आहे तेथे तो राखावा. साबणाच्या पाण्याने धुऊन, पुसून, वर तेलाचा पातळ हात द्यावा. जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून तो कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये. पितळी पाटीवरील अक्षरे घासण्याने झिजतात. ती मऊ कापडानेच पुसावी.

लोखंडी पाने, फाळ, कोळप्याच्या पासा इत्यादी लहान वस्तूंचा गंज पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून त्यात बुडविल्याने निघतो. वस्तू काही तासांनी काढून धुवावी, लगेच कोरडी करावी व तेल लावावे. दुसरी रीत बॅटरीची आहे. प्लॅस्टिकच्या टोपात दर लिटर पाण्यास एक लहान चमचा धुण्याचा सोडा घालावा; १२ व्होल्टच्या चार्जरची ऋण बाजू गंजलेल्या वस्तूस व धन बाजू साध्या लोखंडी पत्र्यास जोडावी. दोहोंचा एकमेकांस स्पर्श होऊ देऊ नये. पत्रा स्टेनलेसचा नसावा, कारण त्याने पाणी विषारी होते. या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो. म्हणून हे काम उघड्या हवेत व विस्तवापासून दूर करावे, आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी चार्जर बंद करावा. ॲल्युमिनियमच्या भागांस ही रीत चालत नाही.

तिफण, वखर, मोटेचे चाक अशा लाकडी वस्तूंची भुसा पाडणारी कीड प्रथम पाहावी व वस्तू कोरड्या जागी ठेवावी. जवसाच्या तेलाचा पातळ हात लाकडास मानवतो. मात्र तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो; त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

सुरू करण्यापूर्वीची दक्षता

दुरुस्त झालेले इंजिन उत्साहाच्या भरात एकदम सुरू केले जाते, व अपघात बहुधा त्याच वेळी होतो. प्रथम मोठे चाक तपासावे. चाक टांगून हलके ठोकल्यास निर्दोष चाकाचा नाद स्वच्छ येतो. तडकलेल्याचा बद्द येतो. शंका असल्यास त्यावर रॉकेल लावून कोरडे पुसावे व खडूची भुकटी चोळावी. तडा असल्यास तेथे ओली रेघ उमटते. असे चाक कधीही फिरवू नये.

गव्हर्नर मोकळा आहे, याची खात्री करून घ्यावी. तो अडकला तर इंजिनाचा वेग आवाक्याबाहेर जाऊन चाक फुटण्याची भीती असते. पाटीवर जितके फेरे लिहिले आहेत त्यापेक्षा अधिक वेगाने इंजिन चालवू नये. सावकाश चालणाऱ्या सहा अश्वशक्तीच्या लिस्टर जातीचे फेरे मिनिटाला ६५० असतात. इंजिन सुरू कसे करावे यापेक्षा बंद कसे करावे हे आधी पक्के करावे. इंधन बंद करूनही डिझेल इंजिन न थांबल्यास हवा घेण्याचे तोंड लाकडी फळीने झाकावे. हाताने झाकू नये. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, म्हणजे उलटा झटका बसल्यास मनगट वाचते. धोतराचा सोगा, उपरणे किंवा पदर चाकाजवळ येऊ देऊ नये. मुलांना दूर उभे करावे.

विहिरीत इंजिन नको

पंपाला पाणी वर ओढण्याची मर्यादा आहे. हवेच्या दाबामुळे पाणी फार तर दहा मीटर चढू शकते, व प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे पंप ओढत नाही. पाणी खोल गेले की पूर्वी शेतकरी इंजिनच विहिरीतील टप्प्यावर उतरवीत असत. ही गोष्ट जिवावर बेतणारी आहे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. पेट्रोल व रॉकेलवरील इंजिनात तो विशेष असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो विहिरीत साचतो व माणसाची शुद्ध हरपते. कंदील खाली सोडून हवा पाहण्याची जुनी रीत येथे उपयोगी पडत नाही, कारण या वायूने माणूस मरतो त्या स्थितीतही ज्योत जळत राहते. आत कोणी पडला असता त्याला काढण्यास उतरणाराही त्याच गतीला जातो. म्हणून जुने इंजिन हौसेने चालविताना ते जमिनीवर, उघड्या हवेतच चालवावे. विहिरीत, खड्ड्यात किंवा बंद खोलीत कदापि चालवू नये. दुर्घटना घडल्यास आत उतरू नये. अग्निशमन दलास व वैद्यकीय मदतीस तत्काळ बोलवावे.

संग्रह कोठे व कसा करावा

संग्रहाला मोठी इमारत लागत नाही. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा नित्याच्या वापरातील वस्तू गावोगाव हिंडून एकट्याने गोळा केल्या. त्यांचा संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनाकडे आला, व आज ते राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणून प्रसिद्ध आहे. ज्या वस्तूंकडे इतरांनी अडगळ म्हणून पाहिले, त्यांतून हे भांडार उभे राहिले. इंग्लंड व अमेरिकेत जुनी शेती-इंजिने दुरुस्त करून जत्रेत चालवून दाखविण्याची मोठी हौस आहे. तेथे या कामी शेतकरी व मिस्त्रीच पुढे असतात.

खेड्यात शाळेची एखादी खोली किंवा ग्रामपंचायतीची पडवी यासाठी पुरे. जमीन पक्की असावी, वर छप्पर असावे, व प्रत्येक वस्तूजवळ नाव, काल व उपयोग सांगणारी पाटी असावी. बदललेला भाग कोणता व मूळचा कोणता, हे पाटीवर प्रामाणिकपणे लिहावे. खंडेनवमी व दसऱ्यास अवजारांची पूजा होतेच. त्या निमित्ताने जुनी अवजारे मांडावीत, मोकळ्या जागेत एक इंजिन चालवून दाखवावे, व जुन्या मिस्त्रीच्या हातून तरुणांनी ते सुरू करावयास शिकावे. मिस्त्री बोलत असता त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करून घेतल्यास ते पुढे पुस्तिकेसारखे उपयोगी पडेल.

जुने इंजिन पुन्हा रोजच्या सिंचनास जुंपावे, असा या सर्वांचा अर्थ नाही. पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर ताशी एक लिटरच्या आसपास डिझेल घेते. मोटार व सौरपंप यांच्यापुढे ते परवडणारे नाही. त्याचे मोल वेगळे आहे. उघड्या चाकाच्या व दिसणाऱ्या झडपांच्या इंजिनावर शिकलेला मुलगा पुढे कोणतेही यंत्र न भिता उघडतो. आणि १९७२ च्या किंवा २०१२-१३ च्या दुष्काळाची गोष्ट निघाली, तर पाणी कसे व किती कष्टाने वर आले, हे त्याला समोरच्या वस्तूवरून कळते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या वर्षी एवढेच करावे : आपल्या गावात किती जुनी इंजिने व अवजारे आहेत, याची एक वही तयार करावी व तीत जाणत्या मिस्त्रींची नावे लिहावीत. शेतकरी बंधूंनी दारातील इंजिन भंगारवाल्यास देण्यापूर्वी या वहीत त्याची नोंद करून घ्यावी. नोंदीनंतरही ते विकावेसे वाटल्यास अवश्य विकावे. परंतु पाटी वाचल्याशिवाय व विचारपूस केल्याशिवाय ते तराजूवर चढू देऊ नये.